आलूवाल्या डॉक्टरांची भाजी

माझ्या नवऱ्याला भाजी म्हणजे आलू, एवढंच माहीत. आलूचा रस्सा, आलूची सुकी भाजी, आणि मी रागावले असेन तर नुसता उकडलेला आलू मिठासोबत. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी पालकाची भाजी केली. त्यांनी ताट हळूच बाजूला सरकवलं आणि विचारलं, "हे कोणासाठी केलं?"

मीही फार काही बदलायला गेले नाही. ते गोंदियात ई-रिक्षा चालवतात, मी घरी ब्लाउज शिवते. आमच्या वस्तीत भाजी आणायची ती बाजार उठता उठता. तेव्हा जे उरतं ते सुकलेलं असतं, आलू तेवढा तसाच राहतो. फळ तर घरात कोणी आजारी पडलं तरच यायचं.

मग अंगणवाडीच्या ताईंनी समाजमंदिरात सभा घेतली. जवळच्या मुर्री गावातल्या काही शेतकरी बायकांनी ठरवलं होतं की हंगामभराची भाजी आधीच हिस्स्यांमध्ये वाटायची. शहरातली बरी परिस्थिती असलेली घरं पूर्ण किमतीला हिस्सा घेतील, त्या जोरावर आमच्यासारख्यांना तो कमीत मिळेल. दर गुरुवारी एक थैली. वावरात जे निघेल ते त्यात, हे नको ते द्या असं चालणार नाही.

"आणि थैल्या मुर्रीहून इथे आणायच्या कोणी?" ताईंनी विचारलं. "जो आणेल त्याचा हिस्सा फुकट."

नवरा मला घ्यायला म्हणून आला होता आणि दारात उभा होता. फुकट म्हटल्याबरोबर त्यांचा हात वर गेला.

पहिल्या गुरुवारी त्यांनी थैल्या वाटल्या आणि आमची घरी आणून माझ्यासमोर ओतली. लौकी म्हणजे दुधी, पालक, मुळे, अंबाडीची जुडी आणि एक पपई. त्यांनी थैली उलटी करून झटकली. आत हात घालून पाहिलं.

"आलू खाली राहिला असन," ते म्हणाले.

"अजून कुठे खाली?"

दुसऱ्या दिवशी खास मुर्रीला जाऊन त्यांनी थैल्या भरून देणाऱ्या शेतकरीण काकूंना विचारलं, "काकू, तुमच्या वावरात आलू नाई होत का जी?"

"नाई बाप्पा. आमची जमीन चिकट हाय," काकू म्हणाल्या. "पण लौकी पाहा कशी लागून राहिली!"

लौकी खरंच लागून राहिली होती. पुढच्या गुरुवारी लौकी, त्याच्या पुढच्या गुरुवारी दोन लौक्या. त्या पपईचीही गंमत झाली. मी फोडी करून ताटात ठेवल्या, तर शाळेतून आलेली मुलगी दप्तर पाठीवर तसंच ठेवून घाबरून बघायला लागली.

"आई, कोण बिमार आहे?"

कोणी नाही म्हटलं तरी तिने बाबांच्या कपाळाला हात लावून पाहिला, मगच खायला बसली. मला हसू आलं आणि बरंही वाटलं नाही. बिमारीशिवाय घरात फळ आलेलं तिने पाहिलंच नव्हतं.

इकडे वस्तीत बायकांनी माझ्या नवऱ्याला धारेवर धरलं. थैल्या तेच आणायचे, म्हणून लौकीचा गुन्हाही त्यांचाच.

"काय जी, पुन्हा लौकी? आमी का बैल आहो का?" एकजण भांडायलाच उठली.

आता थैली परत घेतली तर हिस्सा जाणार, आणि गप्प राहिलं तर शिव्या बसणार. त्यांनी तिसरा रस्ता काढला. ताईंनी सभेत सांगितलेलं थोडं आठवलं, उरलेलं स्वतः बनवलं.

"अवं बाई, लौकीनं डोकं थंड राहते. पालकानं रक्त वाढते. आणि मुळा खाल्ला का दात पाहा कसे चमकतात!"

बायका घरी गेल्या आणि लौकी शिजवली. एकीच्या सासूचं डोकं योगायोगाने त्याच आठवड्यात दुखायचं थांबलं. झालं! तेव्हापासून त्यांचं नाव डॉक्टर पडलं. रिक्षा गल्लीत शिरली की पोरं ओरडायची, "भाजीवाले डॉक्टर आले!" बायका थैली घ्यायच्या आणि सोबत सल्लाही घ्यायच्या. पायात गोळे येतात, काय खाऊ? पोरगा अभ्यास करत नाही, काय घालू त्याच्या डब्यात? हे गंभीर चेहरा करून थैलीत बघायचे आणि त्या आठवड्यात जे असेल ते सांगायचे. स्टेशनवरून बसलेल्या सवाऱ्यांनाही ते चवळीच्या शेंगांचे गुण सांगत न्यायचे.

आणि घरी आलू. आमच्या थैलीतलं मी आणि मुलगी खायचो. त्यांच्यासाठी आलू वेगळा यायचा, तोही चोरून, रिक्षाच्या सीटखाली बॅटरीच्या बाजूला लपवून. डॉक्टरांनी बाजारात आलू घेताना दिसणं बरं नव्हतं.

"एक दिवस सापडाल तुम्ही," मी म्हणायची.

"कायले सापडतो? डॉक्टर का स्वतःची दवा खाते का?"

हंगाम संपत आला तेव्हा काकूंनी सगळ्या हिस्सेदारांना वावरात जेवायला बोलावलं. आमच्या गल्लीतल्या जेवढ्या बायका मावल्या तेवढ्या आमच्या रिक्षात बसल्या. मुलगी माझ्या मांडीवर, मी दुसऱ्या कोणाच्या तरी मांडीवर.

आंब्याच्या झाडाखाली पंगत बसली. काकूंनी पहिली पत्रावळ नवऱ्यापुढेच मांडली, कारण त्यांच्याशिवाय थैल्या वस्तीत पोचल्याच नसत्या. त्यावर पालकाची डाळ, तळलेली कारली, चवळीच्या शेंगांची भाजी, अंबाडीची चटणी आणि लौकीचे वडे आले. मी वाकून पाहिलं. आलू कुठेच नव्हता.

सगळ्या बायका हात आवरून बसल्या.

"पहिले डॉक्टर!" एकजण म्हणाली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी झाडावरचे आंबे मोजल्यासारखं वर पाहायला लागले, झाडाला एकही आंबा नसताना. शेवटी त्यांनी कारल्याचा तुकडा उचलला, डोळे मिटले आणि गिळला. डोळे उघडले तेव्हा त्यात पाणी होतं.

"काय झालं जी? रडून काऊन राहिले?" काकूंनी विचारलं.

"काही नाई काकू. तुमच्या हातची चव पाहून आईची आठवण आली."

काकूंचा ऊर भरून आला. त्यांनी अख्खी पळी भरून कारली पुन्हा वाढली. मग स्वतः समोर बसल्या आणि "खा बाप्पा, लाजू नका" म्हणत एकेक पदार्थ वाढत राहिल्या. पाहत असलेली माझी मुलगी हसू दाबता दाबता पाण्याचा घोट नाकातून काढून मोकळी झाली. मी तिची पाठ चोळत होते, पण मलाही आवरत नव्हतं.

परत येताना अर्ध्या रस्त्यात रिक्षा थांबली. बॅटरी उतरली होती. एवढ्या जणी, त्यात सगळ्या भरपेट जेवलेल्या. सगळ्या खाली उतरल्या आणि ढकलायला लागल्या.

"डॉक्टर, पालक खाल्ला ना? लावा जोर!"

"मुळा कामी आला नाही वाटते!"

ते घामाघूम होऊन ढकलत होते. चाक एका खड्ड्यात आपटलं, रिक्षा जोरात हादरली, आणि सीटखालून पिशवी सरकून रस्त्यावर पडली. आलू गडगडत चहूकडे गेले. एक तर थेट कडेच्या धानाच्या बांधीत जाऊन पडला.

बायका वाकून आलू पाहायला लागल्या. मग लौकीवरून भांडलेली तीच बाई एक आलू उचलून म्हणाली, "हा कोणत्या बिमारीसाठी जी?"

त्या दिवशी त्या रस्त्यावर आम्ही जेवढ्या हसलो तेवढ्या कधी हसलो नसू. कोणी बांधावर बसली, कोणी रिक्षाला टेकली. नवरा मध्ये उभा, कानापर्यंत लाल. मला वाटलं, आता ते चिडतील. पण ते स्वतःच खाली बसून हसायला लागले आणि बायकांना हात जोडले. आलू सगळ्यांनी मिळून गोळा केले आणि रिक्षा ढकलत घरापर्यंत आणली.

रात्री ते जेवायला बसले तेव्हा मी आलूचा रस्साच वाढला. उगाच त्यांचा अंत पाहायचा नव्हता. त्यांनी दोन घास खाल्ले आणि थांबले.

"ते चवळीच्या शेंगांचं होतं ना काकूंचं... तसं तुले नाई येत का?"

"दर आठवड्याला करते. तुम्ही ताट सरकवता."

"मंग खा म्हणून आवाज द्यायचा ना!"

पुढच्या हंगामात वस्तीतली आणखी घरं हिस्सेदार झाली. डॉक्टर हे नाव काही गेलं नाही, पण सल्ला विचारण्याआधी बायका आता विचारतात, "तुमी खाल्लं का जी?" त्यामुळे बिचाऱ्यांना आठवड्यातून एकदोन नव्या भाज्या खाव्याच लागतात. चवळी, वांग्याचं भरीत आणि पपई आवडीने खातात. कारलं अजून नाही. मुलगी पेरू खाताना आता कोणाच्या कपाळाला हात लावत नाही. फक्त मोठा तुकडा कोणाचा यावरून बापलेकीत भांडण होतं, आणि निवाडा करता करता माझ्या वाटणीला बहुतेक वेळा बियांचा भाग येतो.