आधी नाही म्हण

आई-वडिलांनंतर माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, तर लंडनमधल्या क्रॉयडनच्या वकीलदादांचे. दादा बंगाली, बर्धमानजवळच्या खेड्यातले. त्यांना मान डोलावणारा अशील चालत नसे. "लगेच पटलं? म्हणजे तू ऐकलंच नाहीस," असं ते म्हणत आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगत.

दोन हजार चार-पाचची गोष्ट. नॉटिंगहॅममध्ये मी नोकरीला होतो ती सॉफ्टवेअर कंपनी बंद पडली. क्रॉयडनला दुसरी नोकरी मिळाली, पण व्हिसाची मुदतवाढ नाकारली गेली. माझी आधीची नोकरी नुसती कागदोपत्री होती, असा सरकारचा संशय होता. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. अपील हरलो असतो तर चाळीसगावला परत जाऊन वडिलांसमोर कसा उभा राहिलो असतो, कोण जाणे.

सुनावणीआधी दादांनी त्यांच्या ऑफिसात तालीम घेतली. ते सरकारी वकील झाले. मी आपोआप उभा राहिलो आणि हाताची घडी घातली.

"नॉटिंगहॅमला तू प्रत्यक्षात काम केलंच नाहीस. बरोबर?"

"येस सर."

दादांनी चष्मा काढला. ते मला बंगालीत 'मोशाय', म्हणजे महाशय, म्हणत. "मोशाय, काम केलंस की नाही?"

"केलं ना दादा!"

"मग येस सर कशाला?"

"तुम्ही विचारत होतात म्हणून."

ते खो खो हसले आणि मग एकदम गंभीर झाले. त्यांच्याही शाळेत 'येस सर' म्हणजे 'ऐकतोय सर' एवढंच असायचं. "पण इथे न्यायाधीश ते लिहून घेईल आणि तू विमानात बसशील. हात खाली ठेव. घडी घातलीस की तुझ्या तोंडून 'नाही' निघत नाही."

त्यानंतर रोज संदेश नावाच्या बंगाली मिठाईचा डबा माझ्यासमोर यायचा. "घे." मी हात पुढे केला की डबा मागे जायचा. "आधी नाही म्हण!" मोठ्या माणसाने दिलेलं नाकारायचं नसतं, असं वळण लागलेल्या मला ते अपिलापेक्षा अवघड वाटायचं. शेवटी एकदा म्हणालो, "नको दादा, पोट भरलंय."

"शाब्बास! आता खा."

सुनावणीत नेमका तोच प्रश्न आला. मी हात खाली ठेवले आणि म्हणालो, "नो सर. मी तिथे काम केलं आहे." दादांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, कागद चाळत राहिले. निकाल माझ्या बाजूने लागला.

पुढे दादा एका पक्षातर्फे कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, निवडणुकीला उभे राहिले. "कोर्टात एकेकाला सोडवून आणतो. जिथे ठरवतात, तिथेच जाऊन बसून बघू," म्हणाले. मी ट्रामने फिरून घरोघरी त्यांची पत्रकं टाकली. ते निवडून आले, आणि पक्षात त्यांचं नाव खासदारकीसाठी घेतलं जाऊ लागलं. ते त्यांचं जुनं स्वप्न होतं.

मग त्यांच्याच पक्षाने, देशात नव्याने आलेल्या लोकांना कायद्याचा मोफत सल्ला देणारं केंद्र बंद करायचा ठराव आणला. तोवर मी लंडनच्या दुसऱ्या टोकाला हॅरोला राहायला गेलो होतो; त्या संध्याकाळी तिथून मुद्दाम कौन्सिलच्या सभेला आलो. पक्षाचे सगळे हात ठरावाच्या बाजूने वर गेले. दादांचे दोन्ही हात टेबलावर होते. विरोधात कोण, असं विचारल्यावर त्यांनी एकट्याने हात वर केला. ठराव मंजूर झालाच. बाहेर पडताना पक्षाच्या नेत्याने त्यांना सांगितलं, खासदारकीचा विचार आता सोडा.

ट्रामच्या थांब्यावर दादा म्हणाले, "उमेदवारी गेली, केंद्रही वाचलं नाही. मूर्खपणा केला का रे मी?"

ट्राम आली आणि ते गेले. खाली पाहिलं, तर मी हाताची घडी घालून उभा होतो.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना पत्र पाठवलं. ते इंग्रजीत होतं, इथे मराठीत देतो.

"प्रिय दादा,

नाही.

काल हे तोंडाने सांगायला हवं होतं. माझी मुलगी शाळेत बाईंना सरळ 'नो, मिस' म्हणते. मला अजून धडकी भरते, पण मी तिला अडवत नाही. रविवारी हॅरोला जेवायला या. संदेश मी आणून ठेवतो. पण आधी तुम्ही नाही म्हणायचं.

तुमचा,
मोशाय"