चराईबंदीतली साक्षीदार

नोकरी सुटून बरीच वर्षं झाली. गुन्ह्यांचे नंबर विसरलो, आरोपींचे चेहरे पुसट झाले. पण त्या सकाळी ठाण्यात पिकलेला हशा काही विसरता आलेला नाही, कारण त्यात माझाही आवाज होता.

तेव्हा मी सोलापूरच्या ग्रामीण भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीत ज्वारीची रानं, तुरीचे पट्टे आणि मधूनमधून वन खात्याचे गवताळ माळ. सकाळच्या फेरीला जीपसमोरून काळविटांचा कळप आडवा जायचा. ड्रायव्हर न सांगताच गाडी थांबवायचा आणि शेवटचं पाडस उडी मारून पलीकडे जाईपर्यंत आम्ही दोघंही बघत राहायचो. बंदोबस्त, बैठका, अर्ज या सगळ्या धबडग्यात ती दोन मिनिटं आमची असायची.

त्या वर्षी एका मोबाईल गेमचं वेड पसरलं होतं. फोन समोर धरून चालायचं आणि पडद्यावर चित्रविचित्र प्राणी दिसला की बोटानं चेंडू फेकून तो पकडायचा. सोलापूर शहरात, नवी पेठेत पोरं माना खाली घालून रिक्षांवर आदळत होती. आमच्या ठाण्यातल्या एका महिला शिपायालाही तो नाद होता. हजेरीच्या रांगेत फोन बघते म्हणून मी तिला दोनदा झापलं होतं.

एके दिवशी हजेरी संपतच होती, तेवढ्यात साठीच्या पुढची एक मेंढपाळ बाई थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“साहेब, काल दुपारी वरच्या माळावर हरनी मारली. बंदुकीनं. तिघं जण हुते. पांढरी जीप हुती.”

“मग कालच का नाही आलात, मावशी?”

“मेंढरं कुनावर टाकू? आज ल्येक घरी हाय, म्हनून आले.”

“त्यांना काही विचारलंत का?”

“इचारलं की. काय करताय रं, म्हनलं. तर दात काढाय लागले. म्हनले, म्हातारे, आमी मोबाइलमदले पराणी धरतोय, त्याला कायदा न्हाय.”

सगळं ठाणं हसलं. जमादार हसले, मीही हसलो. बाई आमचं हसून होईपर्यंत थांबली.

“हसा की. पर मोबाइलमदल्या पराण्याचं रगात सांडतंय व्हय, साहेब?”

मी टोपी उचलली.

माळावरच्या ओढ्याच्या काठी रक्त सांडलेली माती, ओढत नेल्याची खूण, केसांचा झुपका आणि काडतुसाची रिकामी पुंगळी मिळाली. वन खात्याच्या अधिकाऱ्यांना बोलावून पंचनामा केला. मग शस्त्र परवान्यांचं रजिस्टर काढलं. पीक संरक्षणासाठी बंदूक बाळगणारे त्या भागात मोजकेच, आणि त्यातल्या पांढरी जीप असणाऱ्या बागायतदाराचं नाव पुढे यायला वेळ लागला नाही. सोबतचे दोघं त्याचे शहरातले मित्र, दुकानदार.

तिघांना वेगवेगळं बसवून विचारलं. उत्तर शब्दाला शब्द सारखं: “आम्ही माळावर गेम खेळत होतो.” खरं सांगणाऱ्या माणसांचे तपशील थोडे इकडेतिकडे होतात, हा माझा अनुभव आहे. घोकून आलेल्यांचे होत नाहीत. एक दुकानदार तर बेडर होता. मोबाईल दाखवून म्हणाला, “साहेब, यात रोज नवीन प्राणी धरतो मी. वाघाचं कलम लावणार का?”

त्या शिपाई पोरीनं मला बाजूला बोलावलं. “साहेब, हा गेम रेंजशिवाय चालत नाही. आणि पंचनाम्याच्या वेळी ओढ्यापाशी आपला एकही फोन लागत नव्हता.”

जी गोष्ट मी रागावून बंद करायला सांगत होतो, तिनंच वाट दाखवली. पंचांना घेऊन तिघांना माळावर नेलं. त्या बेडर दुकानदाराला म्हटलं, “धरून दाखवा एक प्राणी.” त्यानं फोन वर केला, वळवला, चार पावलं चालून पाहिलं. पडदा जागचा हलला नाही. त्याचं हसू पहिल्यांदाच मावळलं. बागायतदार मात्र फोनकडे बघतच नव्हता. तो रक्त सांडलेल्या जागेकडे बघत होता. म्हणाला, “बंदूक माझीच आहे, साहेब. डोकं आणि कातडं माझ्या विहिरीमागं पुरलंय.” पंचांसमोर ते उकरून काढलं. मादी होती.

गुन्हा उघडकीस आला, पण खरी अडचण पुढेच होती. ती बाई जिथून हे बघत होती, ती जागा चराईबंदीतली. शिकाऱ्यांनी तिला तिथंच दम दिला होता की पोलिसात गेलीस तर पहिल्यांदा तुझीच मेंढरं धरतील. जबाब लिहिताना जमादार कळवळून म्हणाले, “साहेब, बाई बंदीच्या हद्दीबाहेर, कडेला होती असं लिहू या का?” खरं सांगतो, क्षणभर मलाही ते बरं वाटलं.

बाईच म्हणाली, “कडंवरनं वढा दिसत न्हाय, साहेब. म्या आत हुते. तसंच ल्हिवा.”

खटला उभा राहिला. आरोपींच्या वकिलांनी तिला नेमकं तिथंच पकडलं. “बंदी असलेल्या रानात तुम्ही काय करत होता?”

“मेंढरं चारत हुते. चूक हाय माजी. पर म्या तितं हुते म्हनूनच मला दिसलं की.”

कोर्टात कोणी हसलं नाही. तिघांनाही शिक्षा झाली.

निकालाच्या दिवशीही ती आली होती. बाहेर पायरीवर एक गाठोडं मांडीवर घेऊन बसलेली दिसली. मी विचारलं, “गावी चाललात का, मावशी?”

“न्हाय. माजा नंबर कवा लागतोय बगत बसले.” तिनं गाठोड्याला हात लावला. “भाकरी बांदून आनल्यात. एक लुगडं हाय. कितीक दिस ठेवत्यात म्हाईत न्हाय, म्हनून घेऊन आले.”

आपल्यालाही आज आत जायचं आहे, असं समजून ती बाई घर आवरून आली होती. वन अधिकाऱ्यांनी तिला समज देऊन सोडल्याचं कागदावर होतं, पण तेवढ्यावर तिचं प्रकरण मिटलं, हे तिला समजावून सांगायचं राहूनच गेलं होतं. आमच्यापैकी कुणालाच ते सुचलं नव्हतं. मी तिच्या शेजारी पायरीवर बसलो आणि सगळं नीट सांगितलं. तिनं दोनदा विचारून खात्री केली.

साक्षीदारांनी निर्भय असावं, असं मी उभ्या नोकरीत किती गावांतून सांगत फिरलो. त्यासाठी काय लागतं, ते मला तोवर माहीत नव्हतं. त्या दिवशी मी स्वतः तिला जीपमध्ये बसवून तिच्या वस्तीवर सोडून आलो. वाटेत ती फक्त मेंढरांविषयी बोलत होती.