अंबाडीच्या रांगेतलं पाचवं रोप

श्रावणातला रविवार. परसात हजर: मी, आमचे हे आणि शेजारच्या सुमनकाकू. भाजीसाठी अंबाडी खुडताना काकूंनी पाचव्या रोपाचं पान चावलं आणि थुंकलं.

"अगं, आंबट कुठंय? ही भांग! शेणखत घालून वाढवलीस होय?"

हे हसले, "आता पोलिसांनाच बोलाव भाजी-भाकरीला."

कायदा मला कळतो. कामांच्या वहीत लिहिलं: भांग उपटणे, आजच. उपटायला वाकले, तर वाऱ्यानं तिची बोटांसारखी पानं माझ्या मनगटावर टेकली. न पेरता आलेली, दोन महिने माझ्याच हातचं पाणी प्यालेली. शेजारची अंबाडी तिच्यासोबत एकाच लयीत डोलत होती; तिला परकं कोण, ठाऊकच नव्हतं. मी बघतच राहिले.

संध्याकाळी वहीतल्या सगळ्या कामांपुढे खुणा झाल्या. ती एक ओळ तेवढी राहिलीय.