कापडाची मागची बाजू

तंजावूरला घरोघरी केबल येत होती तेव्हाची गोष्ट. कॉलेजला जाताना टॉकीजबाहेर बॅनर रंगवणारे एक म्हातारे मला रोज दिसायचे. दर गुरुवारी ते जुन्या नटाच्या तोंडाला खुशाल चुना फासायचे आणि त्याच कापडावर नवा नट काढायचे. दया कुणाचीच नाही. नाटकातून सिनेमात गेलेला एक अमेरिकन नट मात्र त्यांनी तरुणपणापासून केस पिकेपर्यंत रंगवला होता.

त्याचा सिनेमा उतरायच्या आठवड्यातच तो वारल्याची बातमी आली. त्या गुरुवारी म्हाताऱ्यांनी चुन्याला हात लावला नाही. कापड उलटं ताणून मागच्या बाजूला नवा तमिळ हिरो काढायला घेतला.

"आणि तो?" मी विचारलं.

"असो दे मागें," ते आमच्या तंजावरी मराठीत म्हणाले. "नाटकांतला मनुष्य तो. पडद्यामागें उभं राहायची सवय आहे तेला."