स्क्रू ड्रायव्हरने ऐकलेलं गाणं

आमच्या बँडचं पहिलं गाणं मोबाइलवर सगळ्यांना ऐकायला मिळालं, त्या दिवशी सकाळीच समोरच्या काकू आल्या. आवाज छान लागलाय म्हणाल्या, आणि मग हळूच विचारलं, "सगळं ठीक आहे ना गं? कुठे जमलेलं मोडलं का?"

मोडलं काही नव्हतं. गाणंच तसं होतं. रॉकमधलं संथ गाणं, आणि वळण सोलचं. सोल म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधून आलेली, गळा मोकळा सोडून गायची तऱ्हा. आमच्या गाण्यात शेवटच्या कडव्यानंतर शब्दच नाहीत. नुसता एक लांब 'आ' आहे, खालून उठून वर जाणारा. तो घेताना माझ्या मानेच्या शिरा फुगतात.

लोकांना गाणं कसं वाटलं हे जाणून घ्यायची मला भारी खोड. कोण कुठे थांबलं, कुणाला काय खटकलं, मी खोदून खोदून विचारायचे. येवल्याची मावशी म्हणाली, "सुरू कधी होतंय म्हणून वाट बघत बसले, तर संपलंच की." ऑफिसातला एक जण म्हणाला, ड्रमवाला झोपलाय का, सारखा मागे राहतो. अशा गाण्यात ठोका मुद्दाम जरासा मागे ठेवतात, हे मी त्याला समजावायला लागले, तर त्याने चहा मागवला. इथल्या एका रेडिओवर बोलावलं होतं. तिथल्या मुलीने विचारलं, "एवढा मोकळा आवाज कुठून शिकलात?" मी ऐटीत सांगितलं, जुनी परदेशी गाणी ऐकून.

राहिले आप्पा, माझे वडील. अंबडच्या एका कारखान्यात ते तीस वर्षं फिटर होते. पत्रा ठोकणाऱ्या प्रेस मशीनच्या दणक्यांनी त्यांचे कान गेले. कानाचं यंत्र आणलंय, पण ते कपाटात असतं. त्यात नुसती भांडी वाजतात, असं त्यांचं म्हणणं. घरात सगळ्यांसाठी गाणं लावलं तेव्हा ते आमच्या तोंडाकडे बघत बसले, आणि संपल्यावर "लय भारी" म्हणाले. आई हसली म्हणून ते हसले, हे मला दिसलं. त्या 'लय भारी'ने मला जितकं लागलं तितकं मावशीच्या बोलण्याने लागलं नव्हतं. गाव ऐको न ऐको, आप्पांपर्यंत गाणं पोचायला हवं होतं.

रविवारी दुपारी मी मित्राचा मोठा स्पीकर आणला आणि त्यांच्यासमोर आवाज वाढवत गेले. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अगं, भिंती पडतील!" आप्पा मान डोलवत होते, तीही चुकीच्या ठेक्यावर. मला रडू यायला लागलं, आणि रागही आला.

"आप्पा, खोटं नका ना बोलू," मी ओरडले. हे मात्र त्यांना ऐकू गेलं.

ते उठले आणि हत्यारांच्या पेटीतला लांब स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले. मशीनचं बेअरिंग खराब झालंय का, हे फिटर लोक त्यानेच ऐकतात. टोक मशीनला लावायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला. आप्पांनी टोक स्पीकरच्या खोक्याला टेकवलं, मूठ कानामागे दाबली आणि डोळे मिटले.

"लाव," म्हणाले.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. त्या सळईतून काय पोचत असेल? गिटार? की नुसता धडधडाट? पहिल्या कडव्याला त्यांच्या कपाळावर आठी आली. दुसऱ्याला ते म्हणाले, "ठोका मागं राहतो. पण बिघाड नाय हा. दर खेपेला तेवढाच मागं राहतो. मुद्दाम हाय ना?"

मी जोरजोरात मान हलवली.

"तुझ्यासाठी थांबतोय."

इतक्या लोकांना विचारलं, पण हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मला हसू आवरेना.

मग तो शेवटचा 'आ' आला. आप्पांनी डोळे उघडले. गाणं संपलं तरी मूठ कानामागेच होती.

"हे मला ठाऊक हाय," ते म्हणाले.

"काय?"

"हे शेवटचं. तू लहानपणी मला जेवायला अशीच बोलवायची. कामावरून आलो की कान बंद असायचे. तुझ्या आईची हाक यायची नाय. तुझी तेवढी यायची."

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. जेवण वाढून झालं की ती मलाच गच्चीच्या जिन्यात पिटाळायची, आणि वर गच्चीत बसलेले आप्पा वळून बघेपर्यंत मी खालून आवाज चढवत राहायचे. हे मी साफ विसरले होते. रेडिओवरच्या त्या मुलीला मी चुकीचं उत्तर दिलं होतं.

आप्पांनी टोक पुन्हा स्पीकरला लावलं.

"परत लाव," म्हणाले. "शेवटचं तेवढंच लाव."