वायरी माझ्या आहेत

आमच्या ऑर्केस्ट्रात न गाणारी मुलगी मी एकटीच. मी हवाईयन गिटार वाजवायची. मांडीवर आडवी ठेवून, डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून फिरवत वाजवतात ती. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. आबा, म्हणजे माझे वडील, फौजेत सिग्नलमध्ये, तारा-वायरलेसच्या तुकडीत, हवालदार होते. पेन्शनवर येताना गावचे लोक ट्रंका भरून आणत, आबांनी तासगावला गिटार आणली. शिकवणारं कुणी नव्हतं, म्हणून मी रेडिओ ऐकून ऐकून स्वतःच शिकले.

सांगलीच्या ऑर्केस्ट्रात मला घेताना मालकांनी एक अट घातली. गरज पडली तर कोरसमध्ये उभं राहायचं. मी "बघू" म्हटलं, आणि ते बघू बरेच दिवस तसंच लांबवलं.

माझं सामान म्हणजे तीन डबे. एक ॲम्प्लिफायर, एक टेप फिरवून आवाज घुमवणारं इको मशीन, आणि आबांनी घरी जोडलेला एक छोटा डबा, जो गिटारचा बारीक आवाज आधी थोडा उचलून घ्यायचा. गावोगावी हे सगळं स्टेजवर पसरायचं आणि दर वेळी त्यात कुणाचा तरी पाय अडकायचा. शेवटी मी आईकडं तिची भांड्यांची लोखंडी मांडणी मागितली.

"आन भांडी काय डोक्यावर ठिवू?" असं म्हणून आई रुसली. पण एका सकाळी भांडी उतरवून, मांडणी घासूनपुसून तिनंच अंगणात आणून ठेवली. खाली ॲम्प्लिफायर, मधे इको, वर छोटा डबा. माप घेऊन केल्यासारखं बसलं.

मालक बघून हसले. "लोक म्हणतील, पोरगी सैपाक करायला आली."

"म्हणू द्या," मी म्हटलं.

कवठे महांकाळच्या कार्यक्रमात मात्र माझी पुरती शोभा झाली. मशीन चालू केलं की स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज सुरू, गाण्याच्या आधी, गाण्यात आणि गाण्यानंतरही. मागून कुणीतरी ओरडलं, "गिरण बंद करा रं!" सगळा मांडव हसला.

कार्यक्रम संपल्यावर मालकांनी सगळ्यांसमोर निकाल दिला. "बाईच्या हाताला घाम असतोय, त्यानं मशीन बिघडतंय. फुडच्या खेपंपास्नं तू कोरसमधी."

"आवं मालक, तारंला हात लावला की घूं कमी होतंय, उचलला की वाढतंय. तुमीच ऐका. ह्या डब्यांच्या मधल्या वायरी बदला. दिव्याच्या वायरी हायत ह्या." खरंच तसं होतं. बल्बच्या होल्डरला लावतात ती पिळाची वायर मालकांनी त्या खेपेला माझ्या डब्यांना जोडली होती.

"करंट जातोय न्हवं? मग झालं."

"मी कोरसमधी उभी राहणार न्हाई. फुडच्या कार्यक्रमाला वायरी माझ्या आणते. तरी घूं आलं तर तुमी काढायच्या आधी मीच जाते."

बोलले आणि त्याच पिळाच्या वायरी गुंडाळायला लागले.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "फौजेत आमी असली वायर कवाच वापरली न्हाई. गाण्याच्या वायरीत मधी एक तार असती आन तिच्याभवती तांब्याची जाळी. आवाज मधनं जातो. भायेरचं घूं जाळीवर अडतंय आन तसंच जमिनीत जातंय. वायर घेताना वरचं रबर बघू नको. जाळी बघ."

दोघं सांगलीला रेडिओचे भाग विकणाऱ्या दुकानात गेलो. दुकानदार आबांशीच बोलत होता. आबा म्हणाले, "गिऱ्हाईक ती हाय."

त्यानं आधी एक करडी, बारीक वायर काढली. मी पातं मागितलं आणि टोक सोललं. जाळी कसली, चार धागे गुंडाळावेत तशा तारा होत्या. बोटावर वाकवली की फटी पडत होत्या.

"साडीचा पोत बघतीस व्हय?" दुकानदार म्हणाला.

"तेच बघतीय. विरळ हाय."

दुसरी जाड होती, जाळी दाट विणलेली. आबांना ती एकदम पटली. पण वाकवावी तर काठीसारखी ताठ, आणि मधली तार एकच, भरीव. मी म्हटलं, "आबा, ही भिंतीला ठोकून ठेवायला चांगली. मला रोज गुंडाळायची हाय. मधली तार महिन्यात तुटंल."

आबांनी ती पुन्हा एकदा वाकवून बघितली. मग हसून ती त्यांनी स्वतःच बाजूला सारली.

तिसरी काळी, मऊ. जाळी दाट, आणि मधे केसासारख्या बारीक तारांचा पिळ. सिनेमा थिएटरच्या माइकसाठी मागवलेल्यातला उरलेला तुकडा होता. मी तो सगळाच घेतला.

घरी आबांनी शिसं वितळवून एक टोक जोडून दाखवलं, बाकीची मी जोडली. बोटं भाजली. डब्यांमधल्या वायरी वीतभरच ठेवल्या, उगाच लोंबायला नकोत म्हणून. गिटारपासून मांडणीपर्यंतची मी बसते तेवढ्या अंतराची. विजेच्या वायरी मांडणीच्या डाव्या पायाला बांधल्या आणि गाण्याच्या उजव्याला, एकमेकींना शिवू नयेत अशा.

पुढचा कार्यक्रम कडेगावच्या जत्रेत होता. उसाच्या ट्रॉल्या जोडून स्टेज केलं होतं. मांडणी वर चढवताना मालक म्हणाले, "ते पडद्यामागं ठेव."

"वायर तेवढी लांब न्हाई," मी म्हटलं आणि पुढंच ठेवली.

बटण दाबलं. काहीच नाही. मालक धावत आले. "मशीन बंद पडलं का गं?"

मी कांडी तारेवर टेकवली आणि पहिला सूर सोडला. तो जत्रेच्या पार टोकापर्यंत स्वच्छ गेला. बैलांच्या झुली विकणारा माणूस वळून बघायला लागला. मधे हात उचलला तरी स्पीकर गप्प. ती शांतता मला टाळ्यांपेक्षा जास्त आवडली.

मालक खूश होते. सामान भरताना म्हणाले, "ताई, वायरी टेम्पोतच राहू दे. फुडच्या खेपंला कोल्हापूरचा गिटारवाला येतोय, त्याला बी लागतील."

"आन मी?"

"तू कोरसमधी. पोरगी गाताना बरी दिसती."

मी डब्यांतून वायरींचे एकेक जॅक उपसायला लागले.

"आगं, हे काय?"

"वायरी माझ्या आहेत."

"ऑर्केस्ट्रात राहायचं न्हाई का तुला?"

"असं राहायचं न्हाई."

सकाळी एस.टी.च्या टपावर मांडणी चढवली. कंडक्टरनं विचारलं, "कुणाचं लगीन हाय का?"

"न्हाई, नोकरी सोडली."

त्यानं माझं एकच तिकीट फाडलं. गिटारचं वेगळं काढलं नाही.

तासगावात पुष्कळ लोक पुष्कळ बोलले. पोरीनं ताठा केला म्हणाले. काही महिन्यांनी साताऱ्यातल्या एका ऑर्केस्ट्राला वादक हवा असल्याचं कळलं, तेव्हा मी सगळं सामान घेऊन गेले. तिथल्या दोघांनी आधी विचारलं, "गाता येतं का?"

"येतं. पण गाणार नाही."

ते एकमेकांकडं बघत राहिले. त्यांचं बघून होईपर्यंत माझी दोन गाणी वाजवून झाली होती. मला घेतलं.

पुढं माझं लग्न ठरलं, तेव्हा होणाऱ्या सासूबाईंनी विचारलं, "आता हे वाजवायचं बंद करणार न्हवं?"

मी म्हटलं, "शनिवारी कार्यक्रम हाय. ऐकायला या."

त्या आल्या. पहिल्या रांगेत पदर सावरून बसल्या, आणि मी त्यांच्याकडं न बघता वाजवत राहिले.