सराव नसलेल्यांसाठी बंदूक

हसायचं असेल तर हसा, पण आधी हातातला चहाचा कप खाली ठेवा. मागच्या वेळी ही फजिती ऐकताना एकाने शर्टावर चहा सांडला होता. आणि डागांचा विषय निघाला की मला अजूनही घाम फुटतो. का, ते कळेलच.

मी आयुष्यभर पुण्यात कॉलेजमध्ये भौतिकशास्त्र शिकवलं. फेकलेली वस्तू कुठे जाऊन पडेल हे मी अचूक सांगू शकतो. फळ्यावर! फळा सोडला की माझं काही खरं नसतं.

सध्या मुक्काम सिंगापूरला, सेंगकांगमध्ये, मुलाकडे. मुलगा अनिकेत, सून केतकी आणि नात इरा, वय वर्षं सात. केतकीला इथल्याच नोव्हेना भागातल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी मिळाली. इरा झाल्यावर तिने काम सोडलं होतं, त्यामुळे पोरगी नुसती उजळून निघाली होती. अडचण एकच. इरा शाळेतून दुपारी परत येते, तेव्हा घरी कोण? आमची ही तर पुण्याला, बहिणीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी गेलेली. म्हणजे उरलो मी.

केतकी जरा चाचरतच म्हणाली, "बाबा, एक आठवडा ट्रायल घेऊ या? तुम्हाला टेन्शन आलं तर स्पष्ट सांगा. मी हॉस्पिटलला नाही म्हणून कळवीन."

"टेन्शन? मला?" मी म्हणालो आणि रात्रभर जागा राहिलो.

मी आणि सात वर्षांची पोर. कुणी घरात घुसलं तर? सकाळी अनिकेतला विचारलं, तर तो पोट धरून हसला.

"बाबा, अहो इथे लोक हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीत टेबल अडवायला चक्क फोन ठेवून जेवण आणायला जातात. कोण घुसणार आपल्या घरात?"

"हे तुला माहीत आहे. चोराला माहीत आहे का?"

अनिकेत ऑफिसला निघून गेला. शिकलेल्या माणसाच्या शंकेला घरात कधी किंमत असते का हो?

आणि नेमका त्याच दिवशी टेक्सासहून भाच्याचा, मंदारचा, फोन आला. "मामा, घराच्या संरक्षणासाठी बंदूक घ्यायची म्हणतोय. पण मी आणि प्रिया, दोघंही वर्षातून एकदा सराव करू, फार तर. आमच्यासारख्यांनी कोणती घ्यावी? तू फिजिक्सवाला, तू सांग."

आता मला कुणी काही विचारलं की मी उत्तर देत नाही, अभ्यास करतो. तीन दिवस वाचलं, टिपणं काढली आणि मग मंदारला व्हिडिओ कॉल लावला.

"लहान पिस्तूल सोपं, हा तुझा गैरसमज आधी काढून टाक. बंदूक जितकी हलकी तितका झटका जास्त. आणि नळी आखूड असली की हात जरा हलला तरी नेम कुठल्या कुठे जातो."

"मग शॉटगन?"

"तिचे छर्रे सिनेमात खोलीभर उडतात. खऱ्या खोलीत फार तर मूठभर जागेत पसरतात. म्हणजे नेम धरणं आलंच. शिवाय भिंतीच्या पलीकडे कोण झोपलंय, त्याचा विचार केलास?"

"मग घेऊ काय?"

"सराव कर."

"वेळ नाही रे, मामा."

"मग दाराला दणकट कुलूप लाव आणि एक कुत्रा पाळ."

मंदार म्हणाला, "मी बंदूक मागितली, तू कुत्रा दिलास. मामा, तू स्वतः कधी बंदूक चालवली आहेस का?"

चालवली आहे तर! कॉलेजात असताना, एनसीसीच्या कॅम्पमध्ये. प्रत्येकाला पाच गोळ्या. माझ्या पाच उडवून झाल्या तेव्हा माझ्या लक्ष्याचा कागद कोरा करकरीत. आणि शेजारच्या पिसाळच्या कागदावर भोकं सहा. पाच गोळ्यांत सहा! सुभेदारांनी पिसाळकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून माझी नेमणूक भटारखान्यात झाली.

मंदारला हे सांगितलं नाही. "चालवली आहे," एवढंच म्हणून फोन ठेवला.

पण विचार काही थांबेना. सिंगापुरात बंदूक म्हणजे नाव काढायची सोय नाही, आणि ते योग्यच आहे. मग मी सराव नसलेल्या माणसासाठीचे माझेच निकष लावून घरात शोध सुरू केला. झटका नको. दोन्ही हातांत नीट धरता यायला हवी. घाबरलेल्या माणसालाही चालवता यावी. आणि भिंतीपलीकडे काही जाऊ नये.

इराच्या खेळण्यांच्या टोपलीत सगळे निकष पूर्ण करणारी वस्तू सापडली. पाण्याची बंदूक! केशरी-हिरवी, हाताएवढी लांब, पंपाची.

नुसत्या पाण्याला चोर काय भिणार? तिखट घालावं म्हटलं, तर घरात लहान मूल. मग सुचलं, हळद! डोळे जाण्याची भीती नाही आणि चोर ओळखू येणार. पळाला तरी पार आंग मो किओ स्टेशनपर्यंत पिवळा दिसेल! स्वतःच्या बुद्धीवर मी इतका खूश झालो की चमचा बाजूला ठेवून हळद सरळ डब्यातूनच ओतली. बंदूक दाराजवळ चपलांच्या कपाटामागे ठेवली.

सराव केला का? कॉरिडॉर पिवळा झाला असता हो! नाही केला.

ट्रायलचा तिसरा दिवस. केतकी कागदपत्रं द्यायला नोव्हेनाला गेलेली. इरा दहीभात खात होती. वाऱ्यासाठी लाकडी दार उघडं, बाहेरचं लोखंडी जाळीचं दार कुलूपबंद. आणि एकदम जाळी खडखडली.

बघतो तर गजांमधून एक हात आत आलेला! कुलुपापाशी चाचपडत होता. मागे डोक्यावर टोपी, तोंडावर मास्क. बेल नाही, हाक नाही. तुम्हीच सांगा, सभ्य माणूस असा येतो?

"इरा, आत जा! बेडरूममध्ये!" मी ओरडलो. स्वतः पुढे झालो, बंदूक उचलली आणि पंप मारला.

पहिली धार माझ्याच छातीवर. टाकीचं झाकण नीट बसवलंच नव्हतं. दुसरी छताला. तिसऱ्या वेळी मी नेम धरला तो हातावर, डोळे मिटून पंप दाबला आणि बाहेरून किंकाळी आली.

"आयोऽऽ! अंकल! व्हाय यू शूट मी?"

मास्क खाली आला. समोरच्या फ्लॅटमधल्या लिम आंटी! पांढऱ्या शुभ्र ब्लाउजवर छातीपासून पोटापर्यंत हळद. त्या आमच्या जाळीला संत्र्यांची पिशवी अडकवत होत्या. बाहेर धुरकं होतं म्हणून मास्क, आणि माझी दुपारची झोप मोडू नये म्हणून बेल नाही.

बेडरूमच्या दारातून इराने दहीभाताच्या वाटीसकट डोकं बाहेर काढलं. "आजोबा, दॅट्स लिम आंटी, लाह!" 'लाह' हे इथल्या बोलण्याचं शेपूट.

मी कुलूप उघडलं. माफी मागितली. इंग्रजीत, हिंदीत आणि घाबरून मराठीतही. मग डोकं चालवलं. डाग ताजा आहे, लगेच साबण लावावा! मी धावत जाऊन साबणाचा फेस आणला. ही असती तर तिथेच ओरडली असती, "अहो, हळदीला साबण लावू नका!" पण ही पुण्यात. आणि मी भौतिकशास्त्राचा. हळदीला साबण लागला की ती लालभडक होते, हे रसायनशास्त्र. तो विभाग आमच्या खालच्या मजल्यावर होता.

आंटींनी फेस चोळला. पिवळे डाग बघता बघता लाल झाले, फेस उडाला तिथे माझ्या बनियनवरचेही. रक्तासारखे लाल! आंटी छातीकडे बघून किंचाळल्या. मी पण किंचाळलो.

आणि त्याच क्षणी लिफ्टचं दार उघडलं.

केतकीने काय पाहिलं असेल? शेजारीण दारात, छातीवर लाल डाग. सासरा समोर उभा, बनियनवर लाल शिंतोडे, काखेत बंदूक. तिच्या हातातली पर्स गळून पडली.

"बाबा! हे काय केलंत?"

उत्तर दिलं इराने, दहीभाताचा घास गिळून. "आजोबा शॉट हर."

पुढची दहा मिनिटं कुणी कुणाला काय समजावलं ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं की मी सोफ्याच्या कडेवर बसून म्हणालो, "केतकी, त्यांना नाही म्हणून कळव. मी या कामाचा नाही." पोरीची नोकरी माझ्यामुळे गेली, एवढंच डोक्यात होतं.

केतकी शेजारी बसली. "बाबा, एक सांगू? रागावू नका. आंटी आज सहज नव्हत्या आल्या. मीच त्यांना म्हटलं होतं, दुपारी एक चक्कर टाका."

"इरावर लक्ष ठेवायला?"

केतकीने छताकडे पाहिलं. तिथेही हळद होती.

"मम्मी टोल्ड मी ऑल्सो," इरा म्हणाली. "आय अ‍ॅम इन चार्ज ऑफ आजोबा."

घ्या! मी ज्या घराचं रक्षण करत होतो, ते सगळं घर माझं रक्षण करत होतं.

लिम आंटी मात्र हसत होत्या. ब्लाउज त्यांना चक्क आवडला होता, चिनी लोकांत लाल रंग शुभ असतो म्हणे. त्या केतकीला म्हणाल्या, "यू गो वर्क. एव्हरी डे आय कम. धिस अंकल कॅनॉट लीव्ह अलोन, लाह."

केतकी म्हणाली, "आणि बाबा, इराला आत पाठवून तुम्ही पुढे झालात. मला तेवढं पुरे आहे. मी जॉइन होतेय."

ती जॉइन झाली. आता आंटी रोज दुपारी येतात. लिफ्टपासूनच दोन्ही हात वर करून येतात. "डोन्ट शूट, अंकल!" अख्खा मजला दारात येऊन हसतो. मग आम्ही चहा पितो आणि इरा आम्हा दोघांना पत्ते शिकवते. पिसाळच्या कागदावर लागलेल्या गोळीचं मला आयुष्यभर वाईट वाटलं होतं. शेजाऱ्याला लागलेली ही गोळी मात्र फळली म्हणायची.

परवा मंदारचा फोन आला. "मामा, तुझं ऐकलं बरं का! बंदूक रद्द. दाराला दणकट कुलूप लावलं आणि कुत्रा घेतला."

मला कोण आनंद! निदान एकाने तरी माझ्या अभ्यासाची कदर केली. "नाव काय ठेवलंस?"

"प्रोफेसर."

"अरे वा! माझ्यावरून?"

"हो ना. म्हणजे आधी दुसरं नाव होतं, पण केतकीवहिनीने मला सगळं सांगितलं. आमचा कुत्रापण तसाच आहे, मामा. दार वाजलं की आधी थरथर कापतो, मग स्वतःच्याच अंगावर पाणी सांडतो आणि शेवटी शेजाऱ्यांवर भुंकतो."